आष्ट्यातली चार मिनिटं

आमच्या दौऱ्याचा वृत्तान्त कंपनीच्या मासिकात छापून आला आहे. सोबत दोन फोटो आहेत आणि दोन्हींत खोकल्याच्या औषधाची बाटली मुलींपेक्षा ठळक दिसते. ‘सातारा-सांगली भागात संघाचे उत्स्फूर्त स्वागत’ असा मथळा आहे. स्वागत झालं, ते खोटं नाही. बाकीचं मी लिहिते, कारण त्या बसमध्ये मी होते आणि मासिकाचे संपादक नव्हते.

मी मुंबईतल्या एका औषधाच्या कंपनीत माल तपासायच्या विभागात नोकरी करते. पूर्वी कंपनीच्या बायकांच्या बास्केटबॉल संघातून खेळत होते. गुडघा कामातून गेल्यावर संघाला शिकवायचं काम माझ्याकडे आलं. संघात दहाजणी. पाच जुन्या, ऑफिसात कायम झालेल्या. पाच नव्या, अठरा ते वीस वर्षांच्या, पॅकिंग खात्यात तात्पुरत्या. दर तीन महिन्यांनी त्यांना नेमणुकीची नवी चिठ्ठी मिळायची. खेळात चमकलात की कायम करू, असं सांगून त्यांना घेतलं होतं. चमकायचं तर खेळायला मिळायला हवं, आणि त्यासाठी जुन्यांपैकी कुणीतरी बाकावर बसायला हवं. दीड वर्षात कुणी बसलं नव्हतं. सामना हातात आला की शेवटची दोन मिनिटं नव्यांना. अटीतटीचा झाला की तेवढीही नाहीत.

म्हणून हा दौरा मी हट्टानं मागून घेतला. जिल्ह्याच्या गावांत मैत्रीचे चार सामने होतील, हरण्याजिंकण्याचा प्रश्न नाही, नव्या मुलींना पुरा पुरा वेळ खेळवेन, असं मी लिहून दिलं होतं. वरच्या साहेबांनी सही केली. मात्र जाहिरात खात्याचे नाबर सोबत येतील, म्हणाले. मला तिथेच कळायला हवं होतं.

सातारा

साताऱ्यात आमची सोय एका कॉलेजच्या व्यायामशिक्षकांनी केली होती. त्यांचं घर चार खोल्यांचं. त्यातल्या तीन त्यांनी आम्हाला दिल्या आणि स्वतः मुलाबाळांसकट स्वयंपाकघरात झोपले. मुंबईत पाहुणा आला की आम्ही आधी तो जाणार कधी ते काढून घेतो. इथे त्यांच्या बायकोनं दुसऱ्या दिवशीच्या नाश्त्याला काय हवं ते आम्ही बसमधून उतरताउतरताच विचारलं. पेढे इतके दिले, की नव्या पोरींपैकी दोघींनी जेवण सोडलं आणि मला त्यांना रागे भरावं लागलं.

सामना दुपारी होता. नव्या पाचजणींनी बुटांच्या नाड्या बांधल्या होत्या. इतक्यात नाबर आले आणि त्यांनी त्यांच्या हातात खोकी दिली. खोक्यांत औषधाच्या छोट्या बाटल्या होत्या. मैदानाभोवती फिरून प्रेक्षकांना एकेक द्यायची. मी म्हटलं, या खेळणार आहेत. नाबर म्हणाले, पहिल्या अर्ध्यात वाटतील, दुसऱ्यात खेळतील. दुसऱ्या अर्ध्यात माणसं वाढली, तेव्हा खोकी आणखी निघाली.

खेळाडूच्या पोशाखात, उघड्या गुडघ्यांनी, पोरी त्या गर्दीतून बाटल्या वाटत फिरल्या. मुंबईच्या जिमखान्यावर अर्ध्या चड्डीतल्या मुलीकडे कुणी मान वळवत नाही. पण कोर्टाच्या रेषेच्या आत ती खेळाडू असते. रेषेबाहेर बाटली घेऊन उभी राहिली की ती कोण असते, हे त्या गर्दीतल्या काही पोरांनी तोंडानं सांगितलं. शालन नावाची आमची सगळ्यांत उंच मुलगी सामना संपल्यावर खोकं रिकामं करून आली आणि माझ्याकडे न बघता बाकावर बसली. आम्ही तीस गुणांनी जिंकलो. तीस गुणांनी जिंकतानाही मी एकही नवी मुलगी आत पाठवली नाही, कारण पाठवायला बाकावर कुणी नव्हतं.

कोयनानगर

पाटणला नाबर एका औषधविक्रेत्याकडे थांबले आणि आम्ही त्यांच्याशिवाय पुढे गेलो. दौऱ्यातला हा एकच भाग मी आनंदानं आठवते.

घाटाच्या वळणांनी जुन्या पाचांपैकी तिघींना लोळवलं. आमची मुख्य खेळाडू वीणा, जिचा फोटो कंपनीच्या कॅलेंडरवर आहे, ती डोक्याला ओली पट्टी बांधून बसच्या मागच्या बाकावर आडवी होती. धरणाच्या वसाहतीत पोचलो, तर तिथे सिमेंटचं कोर्ट, सरळ उभे खांब, नव्या जाळ्या. वसाहतीत ठिकठिकाणची माणसं, आणि बायका मुलींचा सामना बघायला हातातलं विणकाम घेऊन आल्या होत्या. समोर त्यांच्या शाळेतल्या मुलांचा संघ होता.

मी नव्या पाचजणींना उतरवलं. पहिली दहा मिनिटं त्या आंधळ्या कोशिंबिरीसारख्या पळाल्या. मी ओरडले नाही. मग शालनला हळूहळू उमगलं, की बास्केटखाली पाय रोवून उभं राहिलं तर चेंडू आपोआप आपल्याकडे येतो. ती पाच फूट नऊ इंच आहे. दीड वर्ष मी तिला हे तोंडानं शिकवत होते. इथे चुका करायला वेळ मिळाला, तसं अंगात आलं.

खेळ रंगला असताना पायाखालची जमीन गुरगुरली. बास्केटचे फळे खडखडले. आमच्या मुली किंचाळत एकमेकींना बिलगल्या. समोरची मुलं कमरेवर हात ठेवून थांबली, विणकाम करणाऱ्या बायकांनी टाके मोजून घेतले आणि पंचानं चेंडू परत खेळात आणला. मोठ्या भूकंपात घरं पडलेली बघितलेली ती माणसं. एवढ्या हादऱ्याला ती उठत नव्हती. त्यांच्या स्थिरपणाची मला लाज वाटली. पुढे चारच दिवसांत मी किती कमी हादऱ्याला उठून पळाले ते सांगायचंच आहे.

आम्ही दोन गुणांनी जिंकलो. बसमध्ये शालन पहिल्यांदा बोलत होती, थांबतच नव्हती. पुढचा सामना आष्ट्याला, तिच्या गावी. तिचे वडील पलटणीतून सुभेदार होऊन परतलेले, आता ऊस करतात. मुलीला मुंबईला सोडताना त्यांनी खेळात काही करून दाखवायला दोन वर्षांची मुदत दिली होती आणि त्यातलं दीड वर्ष सरलं होतं. तिनं मला विचारलं, “बाई, आष्ट्यात मला किती येळ खेळवणार?”

मी म्हटलं, सगळा वेळ.

आष्टा

आष्ट्याच्या हायस्कुलाचं मैदान सकाळपासून पाणी मारून, चोपणीनं बडवून तयार केलं होतं. बास्केटच्या कड्या गावच्या लोहारानं घडवल्या होत्या; एक कडी जरा अंडाकृती होती आणि त्याबद्दल तो स्वतः येऊन माफी मागून गेला. भिंतीवर आमच्या सामन्याचे कागद चिकटवलेले होते. कागदावर वीणाचा फोटो होता.

नाबर सांगलीच्या घाऊक विक्रेत्याला आणि त्याच्या पाहुण्यांना घेऊन आले. मी नव्या पाचजणींची नावं लिहिलेला कागद पंचाकडे देत होते, तो त्यांनी मधेच घेतला. लोक वीणाला बघायला आलेत, म्हणाले. मी म्हटलं, शालन इथलीच आहे, निम्मं मैदान तिच्यासाठी आलंय. त्यांनी सांगितलं, इथलीला ते जन्मापासून बघतायत. मी वाद घातला. तेव्हा त्यांनी आवाज न चढवता सांगितलं, की संध्याकाळी साहेबांना ट्रंककॉल करायचाच आहे. संघाचं पुढच्या वर्षीचं काय, तेही त्यात विचारतो.

मी घाबरले. हे मी सरळ लिहिते. संघ बंद होईल अशी भीती वाटली, असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे शिकवायचं काम जाईल अशी भीती वाटली. मी तो कागद खोडला आणि जुन्या पाचजणींची नावं लिहिली.

शालनचे वडील पहिल्या रांगेत खुर्चीवर, इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. पलीकडे बायकांच्या बाजूला तिची आई गल्लीतल्या वीसेक बायकांना घेऊन आली होती. शालन बाकावर. समोर इस्लामपूरच्या कॉलेजच्या मुली होत्या, चिवट होत्या, पण वीणापुढे कुणाचं चाललं नाही. गाव टाळ्या वाजवत होतं, पण मधूनमधून माना बाकाकडे वळत होत्या. पहिला अर्धा संपला. दुसरा सुरू झाला. शालननं माझ्याकडे एकदाही मागणी केली नाही. ती नुसती गुडघे दाबत बसली होती.

चार मिनिटं उरली तेव्हा मी तिला उभं केलं.

तासभर थंड बसलेलं शरीर कसं हलणार? पहिलाच चेंडू तिच्या हातातून निसटला. दुसरा घेऊन ती चेंडू न आपटताच तीन पावलं चालली, पंचानं शिट्टी दिली आणि मैदान हसलं. दुष्टपणानं नाही, घरच्या माणसाला हसतात तसं. ते जास्त वाईट. शेवटच्या मिनिटाला तिनं त्या अंडाकृती कडीवर चेंडू टाकला, तो काठावर फिरला आणि बाहेर पडला. सामना संपला. बायकांच्या बाजूनं एक आवाज मला स्पष्ट ऐकू आला, तिच्या आईला कुणीतरी विचारत होतं, “एवढंच खेळती व्हय गं तुजी?”

त्या संध्याकाळी आमचं जेवण त्यांच्याच घरी होतं. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, भरलेली वांगी, वर लोण्याचा गोळा. दहाजणींना आणि मला तिच्या आईनं आग्रह करकरून वाढलं. शालनला वाढताना मात्र ती एक शब्द बोलली नाही. मुंबईत माणूस रागावला की जेवायला बोलवत नाही. इथे पोटभर वाढतात आणि राग उद्यावर ठेवतात, हे मला माहीत नव्हतं.

सकाळी सुभेदारांनी मला गुऱ्हाळावर बोलावलं. चुलाणावर उसाच्या रसाची भली मोठी काहील उकळत होती, दोन माणसं लांब झाऱ्यांनी मळी काढत होती. त्यांनी मला वाटीत गरम काकवी दिली, बसायला पोतं दिलं. मग उभ्यानंच बोलले.

“बाई, मी अकरा वर्सं रंगरूट शिकवले. हातात बंदूक न धरलेली पोरं यायची. त्यास्नी आमी रोज चालवायचो, रोज गोळी मारायला लावायचो, चुकली तरी मारायला लावायचो. आन् तुमी काय केलं? दीड वरीस बसवून ठिवलं नि गावाम्होरं चार मिनिटं उभं केलं. तेबी मला दाखवायला.”

मी म्हटलं, सुभेदारसाहेब, कंपनीचे साहेब ऐकत नाहीत.

“साहेब आमालाबी हुते,” ते म्हणाले. “आवं, पर पोरं कुणाच्या हाताखाली हुती?”

पुढचं त्यांनी शांतपणे सांगितलं. मुलीची ट्रंक घरातच आहे, ती त्यांनी बसवर चढू दिलेली नाही. सांगलीच्या सामन्याला ते स्वतः येतील. मुलगी पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळली तर तिनं तुमच्याबरोबर जावं. हरली तरी जावं. बसली तर तिथूनच ते तिला घरी आणतील.

मला राग आला, आणि आला तो त्यांचाच. एका शेतकऱ्यानं मला खेळ शिकवावा! बसपर्यंत चालत येईतो तो राग नाबरांवर गेला. बस सुरू झाली, खिडकीतून ऊसतोडीची रानं मागं जायला लागली, शालन रिकाम्या हातांनी माझ्यापुढच्या बाकावर बसलेली दिसत होती, तेव्हा तो राग जिथे यायला हवा होता तिथे आला.

सांगली

सांगलीत सामन्याआधी आम्हाला कुपवाडला घाऊक विक्रेत्याच्या गोदामावर नेऊन हार घातले. तिथे भडंगाच्या पुड्या आणि चहा. नाबर खूश होते. आष्ट्यात बाटल्या संपल्या होत्या. मी त्यांच्याशी गोड बोलले. कागदावर कुणाची नावं आहेत विचारल्यावर म्हटलं, तीच.

सांगली-मिरजेच्या निवडक मुलींचा संघ समोर होता. संध्याकाळी पाळी सुटल्यावर कुपवाडचे कामगार सायकली आणि स्कूटरी घेऊन आले आणि स्कूटरींच्या सीटांवर उभं राहून बघायला लागले. सुभेदार एस.टी.नं आले होते. त्यांनी खुर्ची घेतली नाही, कठड्याला टेकून उभे राहिले.

कपडे बदलायच्या खोलीत मी नव्या पाचजणींना सांगितलं, की चाळीस मिनिटं तुम्हीच. कुणालाही बाहेर काढणार नाही. वीणा हे ऐकत होती. ती मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, “तुम्ही मला आज बसवलंत आणि माझ्यावाचून चाललं, तर उद्या मला उभं करायचं कारण काय उरतं कुणाला? मी अठ्ठावीस वर्षांची आहे.” तिचं खरं होतं. या कंपन्या अशाच चालतात: जुनीला नवीची भीती घालायची आणि नवीला जुनीच्या जागेची आस दाखवायची. दोघी एकमेकींकडे बघत बसतात, वर कुणी बघत नाही. मी वीणाला म्हटलं, तरीही तू बस.

पाचजणी कोर्टावर गेल्या तेव्हा नाबरांना पहिल्यांदा समजलं. ते माझ्या बाकापाशी आले. हे काय चाललंय, बदला ताबडतोब, वगैरे. मी उठले नाही. मग ते बोलले ते मासिकात छापण्यासारखं नव्हतं. मी त्यांना एकच वाक्य ऐकवलं, की हे मैदान आहे आणि रेषेच्या आत कोण जाणार ते शिकवणारी ठरवते. ही गोष्ट आष्ट्यातच सांगायची होती, ती मी सांगलीत सांगितली. ते विक्रेत्याच्या पाहुण्यांकडे जाऊन हसत हसत काहीतरी समजावत बसले.

आमच्या पोरी बारा गुणांनी मागे पडल्या. शालननं पहिल्या अर्ध्यातच तीन फाउल केले. मी तिला काढलं नाही. मध्यंतरात वीणा बाकावरून उठली आणि माझ्याकडे न बघता शालनपाशी गेली. हात वर सरळ ठेव, खाली मारू नकोस, उडी तू उशिरा घेतेस, असं तिनं दोन मिनिटं हातवारे करून दाखवलं. मग परत जागेवर जाऊन तोंड फिरवून बसली.

दुसऱ्या अर्ध्यात शालन कोयनेला खेळली होती त्याहून चांगली खेळली. कडीवरून परतलेला प्रत्येक चेंडू तिच्या हातात जात होता. स्कूटरवरच्या कामगारांनी तिचं नाव कुणालातरी विचारून घेतलं आणि ओरडायला लागले. अंतर बाराचं सहा झालं, तीन झालं. एका क्षणी ती चेंडू घेऊन वळली, समोरच्या दोघींच्या मधून गेली, आणि मी बाकावरून उठले तेव्हा माझा दुखरा गुडघा मला आठवलासुद्धा नाही. शेवटी आम्ही पाच गुणांनी हरलो.

सुभेदार कठड्यापासून निघून आमच्यापर्यंत आले. शालन धापा टाकत उभी होती, कोपर सोललेलं. त्यांनी तिचं कोपर बघितलं. ट्रंक उद्याच्या गाडीनं पाठवतो, म्हणाले. आणि मला म्हणाले, “न्या.”

मुंबई

परत आल्यावर संघ शिकवायचं काम माझ्याकडून काढून घेतलं. मला पत्र आलं, त्यात ‘पुनर्रचना’ असा शब्द होता. माझी तपासनिसाची नोकरी कायम आहे, टेबल तेच आहे, पगाराला धक्का लागला नाही. महिनाअखेरीला नव्या पाचांपैकी तिघींच्या चिठ्ठ्या नव्या झाल्या नाहीत. त्यांत शालन होती. कारण विचारायला मी साहेबांकडे गेले. त्यांनी मला नाबरांचा अहवाल दाखवला: सांगलीतल्या पराभवामुळे कंपनीच्या नावाला बाधा आली, नव्या मुलींचा दर्जा अपुरा आढळला. ‘आढळला.’ दीड वर्ष ज्यांना कुणी खेळताना पाहिलं नाही, त्यांचा दर्जा एका संध्याकाळी आढळला. मी टेबलावर हात आपटला. त्यानं फक्त त्यांचा चहा सांडला.

उभी मी राहिले आणि नोकऱ्या त्यांच्या गेल्या, हे मी किती रात्री उलटसुलट करून बघितलं. सांगलीत मी नाबरांचं ऐकलं असतं तर तिघीजणी आज पॅकिंगला असत्या, बाकावर असत्या. माझ्या धीराची किंमत त्यांनी भरली, असंच मला वाटत होतं.

शालन शेवटच्या दिवशी हिशेब घ्यायला आली तेव्हा मी गेटवर तिची वाट बघत थांबले. मी तिला म्हटलं, की सांगलीला मी जे केलं त्याचे भोग तुझ्या वाट्याला आले, मला माफ कर.

एका गिरणीच्या संघात चाचणीला बोलावलंय, तिथे चाललीय, एवढंच तिनं सांगितलं. बूट पिशवीत होते. चार पावलं गेली आणि परत आली.

“सांगलीचा मला राग न्हाई, बाई,” ती म्हणाली. “तिथं मी खेळले. नोकरी गेली तर गेली. राग हाय तो आष्ट्याचा. आयेनं वीस बायका आनल्या हुत्या.”

रस्ता ओलांडून ती बसच्या रांगेत जाऊन उभी राहिली, सगळ्यांपेक्षा एक हात उंच, आणि बस येईपर्यंत तिनं मागं वळून बघितलं नाही.